बचत रोख्यांवरील व्याज साचते कोठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंब्याचा हंगाम आटोपून वाशी बाजारातल्या शेवटच्या पट्ट्या हाती आल्या, की आमच्या देवगड तालुक्यात पुढचा प्रश्न उभा राहतो तो हे पैसे ठेवायचे कोठे, हा. त्याचे उत्तर म्हणून अलीकडे भारत सरकारच्या बदलत्या व्याजदराच्या बचत रोख्यांचे, म्हणजे लोक ज्यांना सरसकट ‘रिझर्व्ह बँकेचे बाँड’ म्हणतात त्यांचे, नाव वरचेवर कानी पडते. मुद्दल सरकारी हमीचे आहे आणि योजनेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावरील व्याज कसे साचते, किंबहुना कसे साचत नाही, हे घेणाऱ्याला कोणी नीट समजावून सांगत नाही याबद्दल.

माझ्या शेजारच्या बागायतदारांनी मे महिन्याच्या मध्यास एका बँकेच्या शाखेतून 8.05 टक्के दराने एक लाखाचे रोखे घेतले. 1 जुलैला खात्यात पुरते हजार रुपयेही जमा झाले नाहीत, तेव्हा ते पासबुक घेऊन माझ्याकडे आले. या रोख्यांचे व्याज दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलै अशा ठरलेल्या तारखांनाच मिळते, त्यामुळे पहिला हप्ता खरेदीच्या दिवसापासून 30 जूनपर्यंतच्या दीड महिन्याचाच असणार, हे त्यांना लगेच पटले. खरी अडचण पुढे होती. सात वर्षांनंतरचा आकडा म्हणून शाखेतल्या एका कर्मचाऱ्याने त्यांना कागदाच्या पाठीवर 1,73,750 असे लिहून दिले होते.

हा आकडा चक्रवाढीचा आहे. दर सहा महिन्यांचे 4,025 रुपये मुद्दलात मिळवत गेलो आणि त्यावरही त्याच दराने व्याज मिळत राहिले, तरच तो येतो. प्रत्यक्षात या रोख्यांत व्याज साठवण्याची सोयच नाही. ते बचत खात्यात येऊन पडते आणि तेथे बचत खात्याच्या तुटपुंज्या दराने बसून राहते. म्हणजे 4,025 रुपयांचे 14 हप्ते, एकूण 56,350 रुपये, आणि शेवटी मूळचे एक लाख. दोन आकड्यांतील सुमारे 17,400 रुपयांचा फरक हा निव्वळ व्याजावरील व्याजाचा आहे.

गोंधळाचे मूळ, माझ्या मते, जुन्या रोख्यांत आहे. 2003 सालच्या 8 टक्क्यांच्या रोख्यांत व्याज साठवण्याचा पर्याय होता आणि सहा वर्षांत हजाराचे 1,601 रुपये होत. 2018 च्या 7.75 टक्क्यांच्या रोख्यांत सात वर्षांत 1,703 होत. ते रोखे मे 2020 मध्ये बंद झाले आणि जुलै 2020 पासून जे नवे आले त्यांत हा पर्याय उरला नाही. वडीलधाऱ्यांच्या डोक्यात मात्र अजून जुनाच हिशेब आहे.

शिवाय 4,025 हा आकडाही कायमचा नव्हे. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या चालू दरात 0.35 टक्के मिळवून या रोख्यांचा दर दर सहा महिन्यांनी ठरतो. जानेवारी 2021 चा पहिला हप्ता 7.15 टक्क्यांनी मिळाला होता, तर जुलै 2023 पासून दर 8.05 झाला, तो पुढे खालीही येऊ शकतो. याउलट बचत प्रमाणपत्राला खरेदीच्या दिवशीचा दर पाचही वर्षे लागू राहतो आणि व्याज दरवर्षी मुद्दलात मिसळते, त्यामुळे 7.7 टक्क्यांनी हजाराचे 1,449 रुपये होतात. तेव्हा 8.05 हा आकडा 7.7 पेक्षा मोठा आहे एवढ्यावरून निवड करणे बरोबर नाही. ज्याला जुलैत लावणीच्या मजुरीला आणि जानेवारीत मोहोरावरच्या फवारणीला हाताशी पैसा हवा, त्याला हे रोखे सोयीचे; ज्याला मुलीच्या शिक्षणासाठी रक्कम वाढवायची आहे, त्याने वेगळा विचार करावा.

दामदुप्पट हा शब्द पूर्वी सावकाराला घातलेली मर्यादा होती, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येऊ नये म्हणून. आता तो आमिषाचा शब्द झाला आहे. किसान विकास पत्रात 115 महिन्यांत दुप्पट म्हटले, की लोक शंभराला साडेनऊ वर्षांनी भागून साडेदहा टक्के व्याज मिळते असे सांगतात. खरा दर साडेसात टक्केच आहे, बाकीची करामत चक्रवाढीची. गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून हसावे की रडावे हे कळत नाही.

रोखे देताना प्रत्येक हप्त्याची अंदाजे रक्कम, व्याजावर व्याज मिळत नाही ही गोष्ट, व्याज करपात्र असल्याची नोंद आणि सात वर्षे संपल्यावर पुढे व्याज मिळत नाही ही सूचना मराठीत आणि रुपयांत छापून द्यावी, अशी बँकांना विनंती आहे. व्याज साठवण्याचा जुना पर्याय सरकारने पुन्हा आणला तर उत्तमच. तूर्त शेजाऱ्यांच्या कागदावरील 1,73,750 हा आकडा खोडून मी त्याखाली 1,56,350 लिहिले आहे आणि पुढे ‘दर बदलला नाही तर’ हे चार शब्द जोडले आहेत.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग