गाडी इतक्यात विकत नाही

ठाणे, घोडबंदर रोड
ऑक्टोबर 2025

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, त्या डबड्यात आता एक रुपया घालू नकोस," आणि बाबांनी लगेच मान डोलावली. तेव्हा मी काही बोलले नाही, कुकर लागला होता. आज लिहिते.

आपल्या वॅगनआरच्या आरसीला, म्हणजे नोंदणीला, नोव्हेंबरात पंधरा वर्षं होतात. ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची तर आरटीओची फी 5000, वर जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स, आणि गाडी नेऊन तपासून घ्यायची. जुन्या गाड्यांवर बंदीचे दिल्लीचे नियम आपल्याकडे लागू नाहीत, तुझ्या मित्राने अर्धवट सांगितलंय. वीस वर्षांनंतर हीच फी 10,000 आहे, पण तोवर कोणी पाहिलंय!

विकायचा विचार केला नाही असं नाही. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीने मोबाइलवर 95 हजार दाखवले. त्यांचा माणूस घरी आला, पत्र्यावर कसलंसं यंत्र टेकवत फिरला आणि चहा संपेपर्यंत आकडा 58 वर आला. दाराला दुसऱ्यांदा रंग मारलाय म्हणे. मारलाच आहे, पाटलीपाड्याला रिक्षेला घासलीस ती तूच. पण खटकलं ते पुढचं. "ट्रान्सफरला दोन-तीन महिने लागतील, मॅडम." म्हणजे तोवर गाडी कोणीही चालवणार आणि ठोकली तर मी निस्तरायचं. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगून ठेवलंय. त्याला म्हटलं, चहा झाला ना, ये आता.

मग गाडी गॅरेजवाल्या काकांकडे नेली. ते म्हणाले, "इंजिनाची काळजी नको. ह्याला तुटणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. गाडी मरते ती गंजाने." माझ्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खालचा नमदा ओला, काळा, कुबट. पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं, तेव्हापासून तो नीट वाळलाच नसणार. काकांनी खालच्या पत्र्याला पेचकस टोचला आणि तो आरपार गेला. रुपयाएवढं भोक, त्यातून गॅरेजची फरशी दिसत होती! मी पाय वर घेतला, काका हसले. पत्रा कापून वेल्डिंग केलं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि आपली गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून रबरी पाइपही बदलले. सगळे मिळून 11 हजार. बाबांना सांगितलंय, तूही ओरडू नकोस.

हिशेबात बाबा बरोबर आहेत. महिन्याला जेमतेम अडीचशे किलोमीटर होतात, तेवढ्यात टॅक्सी स्वस्त पडते. पण रात्री दहाला दादरहून आजीला घेऊन निघायचं असतं तेव्हा तीन टॅक्सीवाले येतो म्हणतात आणि तिघेही रद्द करतात. आपल्या गाडीने मुंबईच्या वेशीवरचा आनंदनगरचा टोलही 2024च्या ऑक्टोबरपासून लागत नाही.

आणि खरं कारण आजीच. शोरूममध्ये दोन नव्या गाड्यांत तिला बसवून पाहिलं. पहिलीत बसताना म्हणाली, "अगं, ही गाडी आहे की विहीर?" दुसरीतून बाहेर काढायला सेल्समनला हात द्यावा लागला. वॅगनआरची सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते. ती नुसती टेकते, वळते, पाय आत घेते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एवढं एक ती कोणाचा हात न धरता करते.

तेव्हा नूतनीकरण करतेय. गंज खालच्या मुख्य पट्ट्यांपर्यंत गेला, किंवा गिअरबॉक्सने मान टाकली, तर त्या दिवशी विकेन, तुला विचारणारही नाही. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, गाडीचा नसतो, आपला असतो, तो नव्या गाडीला लावता येईल.

दिवाळीला येशील तेव्हा मागच्या काचेवरचं तुझं ते कवटीचं स्टिकर खरवडून काढ. मी ब्लेडने प्रयत्न केला, एक डोळा तेवढा निघाला. असं अर्धवट घेऊन आरटीओत जायची मला लाज वाटते.

तुझी,
आई