प्रदर्शन संपल्यावर नको, चालू असताना सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात चित्रप्रदर्शनांबद्दल छान लिहून येतं, फोटोही मोठा असतो, पण बऱ्याचदा ते छापून येतं तेव्हा चित्रं भिंतीवरून उतरलेली असतात. फोर्टातल्या जहांगीर आर्ट गॅलरीत एक प्रदर्शन साधारण आठवडाभरच चालतं, बहुतेक वेळा मंगळवारी लागतं आणि पुढच्या सोमवारी संपतं, म्हणजे ठाणे, कळवा, ऐरोलीच्या नोकरदार माणसाच्या हातात मधला एकच शनिवार-रविवार असतो. त्या रविवारी पुरवणी उघडावी आणि मागच्याच आठवड्यात संपलेल्या प्रदर्शनाचं कौतुक वाचावं, फार हळहळ वाटते हो.

आमचा ठाण्यातला एक ग्रुप आहे. सुरुवातीला फक्त नाटकांना जायचो, गडकरी नाहीतर घाणेकरला, मग कुणीतरी म्हणालं एकदा चित्रं बघायला जाऊया आणि मग ते सुरूच राहिलं. रिटायर्ड मंडळी आहेत, शाळेतल्या बाई आहेत, एक मैत्रीण घरी ब्लाऊज शिवते, वागळे इस्टेटमध्ये फिटर म्हणून नोकरी केलेले एक काका आहेत, आयटीतली दोन पोरं आहेत आणि नेरूळ-वाशीचे काहीजण हार्बरनं थेट सीएसएमटीला येऊन भेटतात. चित्रकार एकही नाही.

ग्रुपच का, तर एकटा माणूस गॅलरीच्या दारापर्यंत जातो आणि मागे फिरतो. तिकीट असेल का, आत कुणी हटकेल का, काही विकत घ्यावं लागतं का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे "आपल्याला त्यातलं काय कळतंय". जहांगीर १९५२ पासून आहे, आत जायला एक पैसा लागत नाही, सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडी असते, पण मुंबईला रोज अपडाऊन करणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीतच नाही. दहाजण बरोबर असले की भीती जाते, कुणीतरी काहीतरी विचारतं आणि बाकीचे ऐकतात.

फिटर काकांचंच सांगते. भंगारातल्या लोखंडाची शिल्पं होती, साखळ्या, गिअर, बेअरिंग वगैरे जोडून केलेले पक्षी आणि बैल. काका आधी लांबच उभे होते, मग एका बैलाजवळ जाऊन चक्क खाली वाकले आणि पोटाखालचा जोड बघायला लागले. म्हणाले, हे आर्क वेल्डिंग आहे, वरती सगळीकडे ग्राइंडर फिरवलाय पण मानेपाशी वेल्डिंगची रेघ तशीच ठेवलीय, ते चुकून नाही राहिलं, मुद्दाम सोडलंय. कोपऱ्यात बसलेला शिल्पकार उठून आला, हो म्हणाला, तिथं मला बैलाच्या मानेवरचा जुवाचा घट्टा दाखवायचा होता. मग ते दोघं किती वेळ बोलत होते, इलेक्ट्रोड कुठला, जाड-पातळ पत्रा जोडताना भोक कसं पडतं, आणि आम्ही सगळे भोवती उभे. तसं शिल्प बघणं मला एकटीला जन्मात जमलं नसतं. आणि हे पण लिहा कधीतरी, की चित्रकार दिवसभर तिथं बसलेला असतो आणि लोक मान हलवून निघून जातात, त्याला बिनधास्त विचारावं, तो खुशीनं सांगतो. एका जलरंगवाल्यानं आम्हाला दाखवलं होतं की चित्रातलं ऊन म्हणजे पांढरा रंग नाहीच, तो कोरा सोडलेला कागद आहे, म्हणजे कुठं रंग लावायचा नाही हे त्याला आधीच ठरवावं लागतं!

दरवेळी फोर्टलाच जायला पाहिजे असंही नाही. भाऊ दाजी लाड म्युझियम आपल्या सेंट्रल लाइनवरच आहे, भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत, १८७२ पासूनचं, तिथली जुन्या मुंबईतल्या लोकांची मातीची मॉडेल्स मुलांना खूप आवडतात, फक्त बुधवारी बंद असतं. आणि सीबीडी बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. तिथं एका वारली कलाकार ताईंनी आम्हाला बांबूची काडी टोकाला चावून कुंचला कसा करतात ते करून दाखवलं, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तो चौक आणि त्यात मधोमध बसलेली पालघाट देवी, तो चौक सवाशिणींनीच काढायचा असतो. आमच्या आयटीवाल्या पोरानं वारली तोवर फक्त कॉफीच्या मगवर पाहिली होती. पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे डहाणूजवळच्या गंजाडचे, आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ते गाव आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. आपल्याच जिल्ह्यातली कला ठाणेकराला मगवर भेटावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर विनंती अशी. नाटकांच्या जाहिराती तुमच्याकडे पानभर असतात, कुठलं थिएटर, किती वाजता, सगळं एका नजरेत कळतं. तसा एक छोटा चौकोन दर शुक्रवारी ठाणे-नवी मुंबईच्या पानावर द्या. प्रदर्शन कुठं आहे, शेवटचा दिवस कुठला (हे ठळक छापा), वेळ, तिकीट आहे की नाही, कुठल्या स्टेशनवरून चालत जाता येतं. साप्ताहिक सुट्टी तर पाहिजेच, कारण जहांगीरसमोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला म्हणजे एनजीएमएला सोमवारी कुलूप असतं आणि लोक जहांगीर बघून तिकडे जातात आणि परत येतात. जिने किती चढायचे हेही लिहिता आलं तर बघा, आमच्यातल्या गुडघेवाल्यांना त्यावरच ठरवावं लागतं. आणि रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी तुम्ही देताच, ती त्याच चौकोनाच्या शेजारी छापलीत तर फार बरं होईल.

फक्त फोर्ट-काळा घोडाच्या गॅलऱ्या नकोत. कापूरबावडीचं कलाभवन, वाशी-बेलापूरची प्रदर्शनं, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये ड्रॉइंगच्या सरांनी लावलेलं मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन, तेही त्यात यायला पाहिजे, कारण त्यांना जाहिरात परवडत नाही आणि बघायला मग फक्त आईवडील येतात.

माहिती गोळा करायला माणूस नाही अशी अडचण असेल तर आमच्या ग्रुपमधल्या दोघीतिघी हे काम आनंदानं करतील. गॅलऱ्यांना फोन करून तारखा विचारायच्या आणि गुरुवारी दुपारपर्यंत टाइप करून तुमच्या ठाणे ऑफिसला पाठवायच्या, पैसे वगैरे काही नकोत. कुणाला पाठवायचं तेवढं कळवा.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे