गणित सुटलं की विमान सुटलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या तुमच्या पुरवणीत वैमानिक मुलींवर पानभर लेख होता. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली निवेदिता भसीन यांना सोबत घेऊन कोलकात्याहून सिल्चरला विमान नेलं आणि विमानातले सगळे कर्मचारी बायकाच होत्या, हे वाचून बरं वाटलं. आपल्या देशात शंभर वैमानिकांत पंधराच्या आसपास बायका आहेत, जगात मात्र पाचेकच, हेही कळलं. पण त्या लेखात ‘गगनभरारी’ सात वेळा आली आणि ‘गणित’ एकदाही नाही. मी मोजलं. खानावळवालीला मोजायची सवय असते.

लातुरात ट्यूशन एरियाच्या मागं माझी खानावळ आहे. नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिवकडच्या पस्तीस मुली जेवतात. त्यातल्या एकतीस बायोलॉजीवाल्या. अकरावीला गणित टाकायचं आणि तो वेळ नीटला द्यायचा, ही इथली रीतच पडली आहे. जिला डॉक्टरच व्हायचंय तिचं ठीक आहे. बाकीच्या लेकरांना सोळाव्या वर्षी गणितासोबत आणखी काय काय सुटतं, हे सांगणारं कुणी नाही.

मला ते कळलं परंड्याकडच्या एका मुलीमुळं. २०२५च्या सप्टेंबरात तिकडं पूर आला, तेव्हा तिची आजी आणि चुलते पत्र्यावर अडकले होते. हेलिकॉप्टरनं त्यांना उचललं. ही इथं माझ्या ओसरीवर ताटावर बसलेली, फोनवर तो व्हिडिओ आला आणि हातातला घास हातातच राहिला. आजी सुखरूप आहे. पण पोरीच्या डोक्यातून हेलिकॉप्टर काही उतरलं नाही. मेथी निवडता निवडता मला वाचून दाखवायची. १९९९ला कारगिलमध्ये गुंजन सक्सेना यांनी चीता हेलिकॉप्टरमधून जखमी जवान आणले. अमेरिकेतली बेट्टी ग्रीन दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवायची, मग १९४५ला सुरू झालेल्या मिशन एव्हिएशन फेलोशिपची पहिली वैमानिक झाली आणि १९४६ला विमान घेऊन मेक्सिकोला गेली. त्या संस्थेची छोटी विमानं पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात अजूनही गवताच्या धावपट्टीवर उतरतात, औषधं पोचवतात, अडलेल्या बाईला दवाखान्यात आणतात. मिशन म्हटलं की धर्मप्रसार आलाच, तेवढं मलाही कळतं. पण बाई अडली असताना विमान कुणाचं हे कोण विचारत बसतं? आमच्या नशिबी विमान आलं ते २०१५ आणि २०१९ला, कृत्रिम पावसाचं. संभाजीनगरहून उडायचं. आम्ही वर बघत बसलो, माना तेवढ्या दुखल्या.

मग एका रात्री तिनंच फोनवर नियम काढले आणि भांड्यांपाशी येऊन रडायला लागली. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला सध्याच्या नियमानं बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. हवाई दलात पदवीनंतर वैमानिक व्हायचं म्हटलं तरी बारावीचं गणित विचारतात. एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, २०२२पासून मुलींना खुली झाली, तिथंही हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. तिनं प्रवेशाच्या वेळी विचारलं होतं, तर कॉलेजातल्या सरांनी गणित काढून भूगोल लिहून दिला. ‘स्कोरिंग आहे’ म्हणाले.

वाट अगदीच बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचं गणित वेगळं देता येतं. व्यावसायिक परवान्याला नुसता चष्मा लागला म्हणून कुणी बाद होत नाही, हवाई दलात मात्र नजरेची अट कडक आहे. अडतं ते पैशाला. परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. आमच्याकडं एवढे पैसे रान विकूनही उभे राहायचे नाहीत. त्यामुळं हवाई दलाचा रस्ता, जिथं शिकवायचा खर्च सरकारचा, तो आमच्या पोरींसाठी पहिला. आणि नेमका तोच गणितावर अडतो.

म्हणून विनंती अशी, की दहावीचा निकाल लागेल त्या आठवड्यात, प्रवेश सुरू व्हायच्या आधी, हे नियम ठळक चौकटीत छापा. पंखांचं चित्र नसलं तरी चालेल. बायोलॉजीसोबत गणितही ठेवता येतं, एवढी एक ओळ त्यात हवीच. ती चौकट मी कापून खानावळीच्या दारावर, महिन्याच्या पैशांच्या पाटीखाली लावीन. तिथं सगळ्या बघतात.

परंड्याच्या मुलीचा गणिताचा फॉर्म आम्ही भरला आहे. फी मी दिली. तिच्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही, आणि ते तुमचाच पेपर वाचतात, म्हणून माझं नाव छापू नये.

– एक खानावळवाली, लातूर