सभागृहाआधी श्रोता: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

मी सोलापुरात व्हायोलिन शिकवतो. आमच्या गावात चीनचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव येते आणि बहुधा तिथेच बोलणे थांबते. कोटणीस १९३९ साली चिनी कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे असलेल्या ज्या येनानला पोहोचले, त्याच येनानला त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९४६ मध्ये, शांघायहून चेलो या व्हायोलिनसारख्या, पण मोठ्या आणि खर्जातल्या वाद्याचा एक वादक गेला. ली देलुन हे त्यांचे नाव. पुढे चीनमधील सिंफनी संगीताचे, म्हणजे मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संगीताचे, ते सर्वांत परिचित वृंदसंचालक झाले. आपल्या खात्याकडे माझी एक मागणी आहे, पण ती या माणसाची हकिकत सांगितल्याशिवाय नीट मांडता येणार नाही.

ली यांचा जन्म १९१७ चा, बीजिंगचा. १९४० मध्ये ते शांघायच्या संगीत विद्यालयात चेलो शिकू लागले. त्या काळचे शांघाय म्हणजे रशियातून आणि युरोपातून परागंदा झालेल्या उत्तमोत्तम वादकांचे आश्रयस्थान होते, त्यामुळे शिकवणाऱ्यांची वाण नव्हती. येनानमध्ये चित्र नेमके उलटे होते. संगीतकार ह लूतिंग यांच्या नेतृत्वाखाली तिथे वाद्यवृंद उभा राहत होता आणि त्यातल्या अनेक तरुणांनी ही वाद्ये पहिल्यांदाच हातात घेतली होती. ली त्यांचे शिक्षकही झाले आणि संचालकही. १९४७ मध्ये यादवी युद्धात येनान सोडावे लागले तेव्हा हा वाद्यवृंद वाद्यांसह पायी निघाला, आणि वाटेतल्या गावांमध्ये, ज्यांनी व्हायोलिन कधी पाहिलेही नव्हते अशा शेतकऱ्यांसमोर, वाजवत वाजवत उत्तर चीनमधून पुढे सरकला. समोरचा माणूस अडाणी आहे म्हणून त्याच्यापुढे वाजवायचे नाही, हा विचार त्या वाटेवर परवडणारा नव्हताच. ली यांच्या पुढच्या साऱ्या वागण्याचे मूळ मला या पायपिटीत दिसते.

१९५३ ते १९५७ या काळात ते मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत निकोलाय अनोसोव्ह यांच्याकडे वृंदसंचालन शिकले आणि परतल्यावर बीजिंगच्या सेंट्रल फिलहार्मोनिकचे संचालक झाले. त्यानंतर सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुन्या आणि पाश्चात्त्य संस्कृतीविरुद्धची माओंची मोहीम, आली. शांघाय सिंफनीचे संचालक लू होंगअन यांना २७ एप्रिल १९६८ रोजी मृत्युदंड देण्यात आला. ली मात्र वाचले आणि माओंच्या पत्नी जियांग छिंग यांनी मान्यता दिलेल्या ‘आदर्श’ रचना वाजवत राहिले. पीत नदीवरच्या पियानो कॉन्चेर्टोचा (एक प्रमुख वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा) १९७० मधला पहिला प्रयोग त्यांच्याच संचालनाखाली झाला. त्यांना वीरपुरुष ठरवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. वाद्यवृंद टिकवायचा तर सत्तेशी जुळवून घ्यावे लागेल, असा हिशेब त्यांनी केलेला दिसतो. तो बरोबर होता की नाही, हे घरबसल्या ठरवण्याचा अधिकार मला नाही.

सप्टेंबर १९७३ मध्ये अमेरिकन वृंदसंचालक यूजीन ऑर्मंडी फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद घेऊन बीजिंगला आले. एका तालमीत ली यांनी आपल्या वादकांकडून बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग वाजवून घेतला, मग संचालकाची जागा पाहुण्याला दिली आणि दुसरा भाग ऑर्मंडींनी घेतला. ही तालीम होती, जाहीर मैफल नव्हे. पाहुण्यांनी जाहीर मैफलीत पाचवी नव्हे, तर सहावी वाजवावी असा जियांग छिंग यांचा आग्रह होता. ऑर्मंडींना सहावी आवडत नसे आणि तिच्या स्वरलिप्याही त्यांनी आणल्या नव्हत्या. त्या तिथेच गोळा कराव्या लागल्या. अखेर २६ मार्च १९७७ रोजी, बेथोव्हेनच्या मृत्यूला दीडशे वर्षे झाली त्या दिवशी, ली यांनी बीजिंगमध्ये पाचवी सिंफनी जाहीरपणे वाजवली आणि ती रेडिओवरून देशभर ऐकली गेली.

कुणीही इथे समाधान मानून थांबले असते. ली साठीत होते आणि नेमके त्या वयात त्यांनी दुसरे काम अंगावर घेतले. ते विद्यापीठांतून, कारखान्यांतून आणि गावोगावच्या सभागृहांतून व्याख्याने देत फिरू लागले: सिंफनी म्हणजे काय, तिचे भाग कसे असतात, ओबो कोणता आणि क्लॅरिनेट कोणते. दुसरीकडे त्यांनी अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे बीजिंगमधल्या एका जुन्या चित्रपटगृहाच्या जागी शहराचे हक्काचे संगीत सभागृह झाले. म्हणजे वास्तूसाठीही ते झगडले. पण त्या वास्तूत येऊन बसणारा माणूस त्यांनी आधीपासून तयार करायला घेतला होता.

मंत्रिमहोदय, आमच्याकडे काय होते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी राज्यातल्या एका सभागृहात पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमाला मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. पत्रिका संपूर्ण इंग्रजीत. पहिला भाग संपताच माझ्या विद्यार्थ्याने मनापासून टाळी वाजवली, तर पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून असे काही पाहिले की त्याने हात मांडीखाली घेतले आणि शेवटपर्यंत तसाच बसला. भागांमध्ये टाळी वाजवत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. माझीही चूक होतीच. तो पुन्हा अशा कार्यक्रमाला आला नाही. मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, परंतु त्याचा श्रोता दादरच्या अलीकडे फारसा सरकलेला मला दिसत नाही.

माझी मागणी लहान आहे. शासनाच्या अनुदानावर होणाऱ्या प्रत्येक वाद्यसंगीताच्या कार्यक्रमाआधी, मग तो पाश्चात्त्य असो की आपला, अर्धा तास मराठीतून सोदाहरण निरूपण असावे, अशी अट अनुदानाच्या नियमांत घालावी आणि निरूपणकाराचे मानधन त्याच अनुदानात धरावे. दुसरे म्हणजे जिल्ह्याच्या महाविद्यालयांत वर्षातून दोनदा वादकांनी वाद्यांसह जावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. ध्वनिक्षेपक, चार वादक आणि बोलता येणारा एक माणूस पुरे.

नोव्हेंबर १९९९ मध्ये व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न वीस वर्षांनी पुन्हा बीजिंगला आले, तेव्हा ८२ वर्षांचे ली रुग्णालयात होते. चाकाच्या खुर्चीतून ते सभागृहात आले आणि मोत्सार्टच्या तिसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचे संचालन त्यांनी बसूनच केले. ऑक्टोबर २००१ मध्ये ते गेले.

सोलापुरातून सुरुवात करायची असेल, तर पहिल्या वर्षीचे निरूपण मी मानधनाशिवाय करीन. तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
सोलापुरातील एक व्हायोलिनशिक्षक