विषय : ग्रास कटरच्या कार्बोरेटरचा डायफ्रॅम संच सुटा न मिळणे

व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

तुमचा ४३ सीसी टू-स्ट्रोक ग्रास कटर चोकवर सुरू होतो आणि चोक काढून रेस दिली की बंद पडतो. प्लग, एअर फिल्टर, टाकीतला पेट्रोल फिल्टर नवे आहेत. सायलेन्सरमध्ये काजळी नाही. कार्बोरेटर उघडला तर मीटरिंग डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा रबरी पडदा, कडक झालेला. तो कडक झाला की लिव्हर पुरेशी दबत नाही, पेट्रोलची वाट रोखणारी नीडल उघडत नाही, इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. ऑइल पेट्रोलमधूनच जात असल्याने तेही कमी पडतं आणि पिस्टनवर चरे पडतात. तुमच्या तंत्रज्ञांना हे नव्याने सांगायला नको.

मागणी एकच : दोन्ही डायफ्रॅम (मीटरिंगचा आणि पंपाचा), गॅस्केट, नीडल आणि जाळी यांचा संच. तुमच्याच पार्ट्स कॅटलॉगच्या आकृतीत तो स्वतंत्र नंबराने दाखवलेला आहे.

तो नंबर आज फोनवर वाचून दाखवला. उत्तर आलं, "सुटा येत नाही, पूर्ण कार्बोरेटर घ्या." नंबर पुन्हा वाचला. "सिस्टीमला दाखवत नाही." बिघाड समजावायला लागल्यावर मध्येच तोडून, "तुम्ही मेकॅनिक आहात का?" मग, "पेट्रोल भेसळीचं वापरलं असेल." आणि शेवटी, "जुनं रिपेअर करत बसण्यापेक्षा नवीन घ्या ना सर, एक्स्चेंज ऑफर चालू आहे." कॉम्प्रेशन उत्तम, क्लच आणि गिअर हेड शाबूत असलेलं मशीन एका रबरी पडद्यासाठी भंगारात काढायचं? हा सल्ला देणाऱ्याला पगार ग्राहक सेवेचा मिळतो की विक्रीचा?

पेट्रोलचं म्हणाल, तर पंपावर आता २० टक्के इथेनॉलचंच मिळतं. त्यात डायफ्रॅम आणि नळ्या टिकत नसतील तर टिकणारे द्या, नाहीतर सुटे द्या.

बाजारातला संच घ्यावा, तर डायफ्रॅमच्या मधल्या बटणाची उंची जराशी वेगळी असली तरी कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो किंवा पुन्हा पेट्रोल कमी पडतं. म्हणून कंपनीचाच हवा. स्टार्टरच्या कुत्र्याची (दोरी ओढल्यावर अडकणाऱ्या खटक्याची) स्प्रिंग मागितली तर पूर्ण स्टार्टर, क्लचची स्प्रिंग मागितली तर पूर्ण क्लच. डायफ्रॅमलाही तेच.

कोकणात पावसाळा सरल्यावर आंबा-काजूच्या बागांतलं गवत वाळायच्या आत कापावं लागतं, नाहीतर वणव्याची भीती. तुमचं नाव भरवशाचं म्हणून गावोगाव ही मशीन घेतली गेली. तो भरवसा तुम्हीच घालवताय.

१५ दिवसांत संच आणि सुट्या भागांचं छापील दरपत्रक द्या. न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. कॅटलॉगचं ते पान आणि आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग दोन्ही जोडणार आहे.

एक ग्राहक