वाहतूक भाडे वेगळे दाखवा

संपादक महोदय,

सळई असो वा सिमेंट, गोव्यात भाव विचारला की ‘साइटवर पोच’ आकडा मिळतो. कारखान्यातला दर किती आणि अनमोडचा घाट उतरण्याचे भाडे किती, हे विक्रेता सांगत नाही, आपणही विचारत नाही. पोलाद उद्योगातली सर्वांत टिकाऊ संगनमताची रीत याच पोच दरावर उभी होती.

१९०१ साली अमेरिकी पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगींच्या कारखान्यांसह अनेक कंपन्या एकत्र करून यूएस स्टील स्थापन झाली. अमेरिकेतले सुमारे दोन तृतीयांश पोलाद एका हाती आले. मग ‘पिट्सबर्ग प्लस’ रूढ झाले. माल कुठूनही निघो, दर पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरातला आणि वर पिट्सबर्गपासूनचे रेल्वेभाडे. शिकागोत तयार होऊन शिकागोतच विकलेल्या पोलादावर टनामागे ७.६० डॉलर भाडे लागे, न झालेल्या प्रवासाचे! प्रतिस्पर्ध्यांनाही हे सोयीचे होते. सूत्र एकच, त्यामुळे कोणत्याही गावी सगळ्यांचे दर जुळत आणि कोणी दर उतरवला तर लगेच उघडा पडे. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या स्पर्धा नियामकाने १९२४ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा आदेश दिला.

युरोपातल्या १९२६ च्या पोलाद कार्टेलने, म्हणजे उत्पादकांच्या संगनमताच्या गटाने, उत्पादनाचे कोटे ठरवले, जादा उत्पादनावर टनामागे ४ डॉलर दंड ठेवला. जर्मन कारखाने कोटा ओलांडत राहिले, दंडावरून कुरबुरी झाल्या आणि मंदीत सगळे मोडले. कोट्यावर पहारा ठेवावा लागतो. पोच दराचे सूत्र स्वतःच पहारा देते, म्हणून ते अधिक घातक.

आपल्याकडे जून २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला (प्रकरण पुढे अपिलात गेले). तिथे नुसते सारखे दर पुरावा म्हणून पुरले नाहीत. उत्पादक संघटनेच्या बैठका आणि क्षमता असून कमी ठेवलेले उत्पादन जोडून पाहिले गेले. विक्रेते मोजके असले की एकाचा दर बघून दुसरा ठरवतो, तेवढ्याने कायदा मोडत नाही.

म्हणून सरकारी निविदांत कारखान्यातला दर, भाडे आणि जीएसटी असे तीन रकाने सक्तीचे करावेत, माल कुठून निघणार तेही लिहून घ्यावे. बल्लारीचा आणि रायगडचा माल पणजीत रुपयाला रुपया जुळला, तर खुलासा मागावा. माल उतरताना ई-वे बिलावरचे (मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्यावरचे) रवानगीचे ठिकाण निविदेशी ताडावे. वेगळे निघाले तर भाडे प्रत्यक्ष अंतराप्रमाणेच द्यावे. स्पर्धा कायद्याच्या कलम १९ खाली आयोगाला कोणीही, अगदी पंचायतही, माहिती देऊ शकते. मात्र सलग काही निविदांची कागदपत्रे जोडावीत. एकट्या बिलावर प्रकरण उभे राहत नाही.

– एक वाचक, कुंडई