आधी कान तयार करा, मग 'सिंक' दाबा

संपादक महोदय,

लग्नसराई आणि गणेशोत्सवामुळे नाशिकमधले अनेक तरुण डीजेच्या कामाकडे वळतात. त्यांना बहुतेकदा आधी 'सिंक'चे, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारे, बटण दाखवले जाते. बटण वाईट नाही, पण सुरुवात तिथून नको.

सिंक बीटग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणांवर, चालते. संगणकावर बांधलेल्या तालाला ग्रिड नीट बसते. जुनी चित्रपटगीते किंवा नाशिक ढोलाचे ध्वनिमुद्रण मात्र माणसांनी वाजवलेले. लय मागेपुढे होते आणि ग्रिड सरकते. कधी ७० बीपीएमचे (मिनिटाला ७० ठोक्यांचे) गाणे सॉफ्टवेअर १४० धरते. पडद्यावर सगळे जुळलेले दिसते, स्पीकरमधून दुहेरी ठोके ऐकू येतात.

हाताने जुळवताना चालू गाणे १२८ बीपीएमचे आणि पुढचे १२४चे असेल, तर पुढच्याचा वेग सुमारे ३.२ टक्के वाढवावा लागतो. (गाणे वाजवणाऱ्या बहुतेक डेकवर वेगाचा सरकता दांडा, म्हणजे फेडर, खाली ओढला की वेग वाढतो, नवखे इथेच गोंधळतात.) एका कानाला हेडफोन, त्यात पुढचे गाणे; दुसरा कान चालू गाण्यासाठी मोकळा. पुढचे गाणे पहिल्या ठोक्यावर सोडावे. मागे पडले तर जॉग व्हील ही डेकवरची गोल चकती हलकेच ढकलून फेडरही किंचित सरकवावा, कारण अर्ध्या बीपीएमचा फरक मिनिटभरात अर्धा ठोका चुकवतो. नव्या गाण्याचा बेस बंद ठेवून ३२ ठोक्यांचा टप्पा संपताना दोन्ही गाण्यांच्या बेसची अदलाबदल करावी. दोन्ही बेस एकत्र आले की आवाज गढूळ होतो, मिक्सरचे लाल दिवे पेटतात. सिंक हे सांभाळत नाही.

शहरातल्या प्रशिक्षण वर्गांनी पहिला महिना तरी सिंकविना सराव घ्यावा, ही कळकळीची विनंती. पडद्यावरचा बीपीएमचा आकडा कागदाच्या पट्टीने झाकला तरी पुरेल.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक